घोडीची वेणी घालणारे अण्णा

घोडीसमोर जाण्याआधी अण्णा स्वतःचा भांग पाडायचे. तबेल्याच्या दाराशी नळ होता. तिथे बोटं ओली करायची, शर्टाच्या खिशातून काळा कंगवा काढायचा, डोक्याच्या डाव्या बाजूला सरळ रेघ ओढायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. "अण्णा, घोडीला काय कळतंय?" असं मी तोंडावर विचारलंसुद्धा. "तिला नसेल कळत," ते म्हणाले, "पण आपण तिला रोज नीट उभी राहा, नीट उभी राहा म्हणतो. मग आपण स्वल्प नीट नको का दिसायला?" दुसऱ्या दिवसापासून मीही गाडीतून उतरताना केस सारखे करायला लागले.

गुरुनाथअण्णांचं घराणं बंगळुरात कधी येऊन स्थिरावलं ते त्यांनाही नेमकं ठाऊक नव्हतं. सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते यशवंतपूरच्या घरात राहत. बोलणं मराठी, पण मध्येच थोडंला 'स्वल्प', बरंला 'सरी' आणि नकोला 'बेडा' यायचं आणि ते त्यांच्या गावीही नसायचं. मी पुण्याहून इथे कंपनीच्या नोकरीला आलेली. पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी पोहायला जा सांगितलं होतं, मी घोड्यावर जाऊन बसले. अण्णा मॅजेस्टिकला मेट्रो बदलून के. आर. पुरमला उतरायचे, तिथून माझ्या गाडीत बसायचे आणि आम्ही शहराबाहेरच्या त्या तबेल्यात जायचो. त्यांना घोड्यावर बसायचं नसे. नातीला सुट्टीत शिकवणीला घेऊन आले होते. नात म्हैसूरला परत गेली, आजोबा येतच राहिले.

ते यायचे एका घोडीसाठी. रेसमधून कधीच बाद झालेली, तपकिरी, वयाने थकलेली, डोळ्यांच्या वर खळगे पडलेली. कागदोपत्री तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. अण्णा तिला 'बाई' म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. "बाई, मान स्वल्प खाली घ्या," असं म्हणून ते तिची आयाळ विंचरत आणि तिच्या छोट्या छोट्या वेण्या घालत. घोडी डोळे मिटून उभी राहायची. दुसऱ्या कुणी आयाळीला हात लावला की कान मागे टाकायची.

हे कुठे शिकलात, असं मी एकदा गाडीत विचारलं. तेव्हा कळलं. त्यांच्या पत्नीला, सुमनताईंना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला. त्यांचे केस लांब, आणि वेणीशिवाय त्या माणसांत यायच्या नाहीत. आधी शेजारची अक्का येऊन घालून द्यायची. पण रोज रोज तिला कसं बोलवायचं, म्हणून अण्णांनी हात घातला. "पहिली वेणी आरशात बघून म्हणाली, कारखान्यातला पाइप बरा याच्यापेक्षा," अण्णा हसत सांगत होते. मग हात बसला. केस विरळ झाले तेव्हा चिकपेटच्या बाजारात हिंडून त्यांनी काळ्या लोकरीचा आगवळ आणला. तो केसांत गुंफला की वेणी भरदार दिसायची. अशी कित्येक वर्षं गेली. "ती गेल्यावर सकाळी हाताला कामच नव्हतं ग," ते म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी गाडीतलं गाणं बंद केलं.

मग एक दिवस तबेल्याच्या मालकाने सांगितलं की जागेचा करार संपतोय, तबेला बंद होणार. तरुण घोडे बघता बघता गेले. बाईंना कुणी विचारेना. म्हाताऱ्या घोडीला कोण ठेवून घेणार? तिचं पुढे काय होईल, हे मालक बोलत नव्हता आणि आम्ही विचारत नव्हतो. एवढ्यात कळलं की सकलेशपूरकडची एक कॉफीमळेवाली बाई शांत घोडी शोधते आहे आणि शहरातल्या एका क्लबात घोड्यांचं प्रदर्शन आहे, त्याला ती येणार आहे. त्या प्रदर्शनात एक वर्ग 'टर्नआउट'चा होता. त्यात पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. घोडा आणि स्वार किती नीटनेटके आहेत, एवढंच परीक्षक बघतात.

"तू बसणार बाईंवर," अण्णांनी जाहीर केलं.

"अण्णा, मी? मला अजून नीट दुडकी येत नाही!"

"दुडकी कोण मागतंय? नीट दिसायचं, बस. दिसली तर तिला घर मिळेल."

पुढचे आठवडे अण्णांच्या अंगात संचारलं होतं. खोगिराचं चामडं साबणाने पुसून मऊ केलं. रिकिबी घासल्या. माझ्या बुटांना त्यांनी स्वतः पॉलिश केलं आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बांगड्या काढायच्या, कानातलं काढायचं, केस जाळीत. एक बट बाहेर आली तर माझी मान खाली," असा दम भरला. रोज खरारा झाला की घोडीच्या पाठीवरून हात फिरवून धूळ लागली का ते बघायला तळवा उजेडात धरायचे. हे सगळं करताना खुशीत असायचे आणि परतताना गाडीत गप्प. इतकं जीव लावून सजवायचं ते कशासाठी, तर तिला दुसऱ्या कुणी घेऊन जावं म्हणून. ते त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी क्लबात पोचलो तर बाईंची आयाळ चकचकत होती. मला वाटलं, काय सुंदर! अण्णांनी वेण्या घालायला घेतल्या, वळून बुचडे बांधले, आणि पहिला बुचडा घरंगळून मानेवर आला. मग दुसरा. रबर बदलले, तरी तेच. शेजारच्या घोड्याची तयारी करणारी मुलगी डोकावून म्हणाली, "अंकल, तेल लावलंय का? शोच्या आधी लावत नाहीत. केस सटकतात."

अण्णांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी त्यांनी बाईंना चांगलं खोबरेल चोळून घातलं होतं. सणासुदीच्या आदल्या दिवशी घरोघर घालतात तसं. सुमनताईंना घालायचे तसंच.

"अय्यो, मीच घात केला ग तिचा," ते म्हणाले. आमच्या वर्गाची हाक कधीही येईल, मी पांढऱ्या गळपट्ट्याशी झटत होते आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात अण्णांनी पँटच्या खिशातून काहीतरी काढलं. तो काळा आगवळ होता. सुमनताईंचा. तो ते खिशात घेऊन हिंडत असतील याची मला कल्पना नव्हती. क्षणभर त्यांनी तो मुठीत धरला. मग गाठ सोडली, लोकरीचे धागे वेगळे केले आणि एकेका वेणीत गुंफायला सुरुवात केली. लोकरीने तेलकट केस धरून ठेवले. बुचडे जागचे हलले नाहीत. सगळं होईपर्यंत आगवळाचं नुसतं टोक शिल्लक राहिलं.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी बाईंच्या मानेवरून पांढरा हातमोजा फिरवला, त्याच्यावर तेलाचा डाग पडला आणि ते पुढे गेले. मैदानाच्या कडेला अण्णा दोन्ही हात मागे बांधून उभे होते. त्यांच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

बाहेर आलो तर मळेवाली बाई कुंपणाशी उभी. पन्नाशीची, साध्या सुती साडीतली. तिने घोडीच्या मानेजवळ नाक नेलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "खोबरेल? हिला तेल कोण लावतं?" मी अण्णांकडे बोट दाखवलं. ते अपराध्यासारखे पुढे आले. ती हसली. म्हणाली, "जिला कुणी एवढं तेल लावतं, ती चावणारी, लाथा मारणारी असेल असं मला वाटत नाही." मग ती बराच वेळ अण्णांना बाईंच्या खाण्यापिण्याचं विचारत राहिली. दुपारी ठरलं.

ट्रक आला तेव्हा अण्णांनी बाईंना लगेच चढवू दिलं नाही. वेण्या तशाच ठेवल्या तर केस तुटतात, म्हणाले. ते शांतपणे एकेक बुचडा सोडवत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मळेवालीने त्याला हातानेच थांबवलं. लोकरीचे तुकडे गवतावर पडत होते. मी ते गोळा करायला वाकले तर अण्णा म्हणाले, "असू दे." आयाळीला वेण्यांच्या लाटा पडल्या होत्या. त्यांनी तिच्यावरून एकदाच हात फिरवला. "सरी, बाई," म्हणाले.

त्यानंतर तबेला बंद झाला आणि अण्णांचं येणं थांबलं. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा, नंदिनीचा फोन आला. अण्णांनी अंथरूण धरलं होतं. मी जायच्या आधी सकलेशपूरला जाऊन आले, कारण रिकाम्या हाताने कशी जाणार? फोनवर बाईंचा व्हिडिओ घेतला. पण तो त्यांना दाखवताना माझंच मन खात होतं. घोडी अंगाने भरली होती, चिखलात लोळलेली होती, आणि आयाळीत काटे नि काड्या अडकून तिच्या जटा झाल्या होत्या.

"मी सांगते त्यांना, रोज विंचरा म्हणून," मी घाईने म्हटलं.

"बेडा, बेडा." अण्णांनी फोन डोळ्यांजवळ धरला होता. "नको सांगू. आता तिला कुणाला पसंत पडायचं नाहीये. घरची झाली ती." त्यांनी व्हिडिओ परत लावायला लावला. मग फोन छातीवर ठेवून म्हणाले, "सुमन शेवटी शेवटी म्हणायची, राहू द्या हो आज, दुखतं. मी ऐकायचो नाही. कुणी आलं तर कसं दिसेल, म्हणायचो." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "कुणी येत नव्हतं ग."

मी त्यांचा हात धरून बसले.

त्यानंतर आठवडाभरातच ते गेले. सकाळी मी पोचले तेव्हा त्यांना हॉलमध्ये ठेवलं होतं. नंदिनीने धुतलेलं धोतर नेसवलं होतं, अंगावर शाल घातली होती. पण आजारपणात वाढलेले पांढरे केस कपाळावर विस्कटून पडले होते आणि त्यांना हात लावायला कुणी धजत नव्हतं. मीही थबकले. राहू द्या आज, असं कुणीतरी म्हणतंय असं वाटलं. मग खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून तो काळा कंगवा काढला. मोरीतल्या नळाखाली बोटं ओली केली आणि त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला सरळ रेघ ओढली. आता दुखणार नव्हतं. आणि आज त्यांना बघायला माणसं येणार होती.