वन्संचा अभिप्राय

पुस्तक वाचून संपले की आमच्या वन्सं ते मिटत आणि तिथल्या तिथे त्याच्याविषयी एक वाक्य बोलून टाकीत. उद्या सांगते, विचार करून सांगते, असले काही नाही. लिहिणारा मोठा शास्त्री आहे की शाळाखात्यातला अंमलदार, त्याला बक्षीस मिळाले आहे की नाही, ह्याची त्यांना पर्वा नसे. आमटी आळणी झाली आहे हेसुद्धा पुरुषांची पाने उठेपर्यंत बायकांनी बोलायचे नाही अशा घरात आमच्या वन्सं चांगल्या कापडी बांधणीच्या छापील पुस्तकाला "लबाड आहे" म्हणत आणि ताक घुसळायला उठत.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, गोदावरी. मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा त्यांना वैधव्य येऊन बरीच वर्षे झाली होती. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि हातात सदान्‌कदा काही ना काही काम. वडील पंतोजी होते. त्यांनी मुलांना शिकवता शिकवता कोपऱ्यात बसलेल्या ह्या मुलीलाही अक्षरे शिकवली होती. पुढे तीच अक्षरे वन्संनी मला शिकवली, तीही तांदूळ निवडताना, सुपातच दाणे सारून. सासूबाई आल्या की सूप एकदा पाखडले, की सारे पुसले!

पुस्तके घरात आणीत ते माझे यजमान. हे कलेक्टरच्या कचेरीत कारकून होते आणि गावातल्या वाचनालयाच्या चालकांपैकी एक. स्त्रियांची स्थिती सुधारली पाहिजे असे हे सभेत बोलत, आणि चांगले बोलत. बहिणीसाठी पुस्तके स्वतःच्या हाताने आणून माजघराच्या फळीवर ठेवीत, हे मी नाकारणार नाही. त्या काळी तेवढे करणारा भाऊ आमच्या आळीत दुसरा नव्हता. दुपारी घर निजले की वन्सं मागच्या पडवीत, विहिरीकडे तोंड करून वाचायला बसत.

एकदा पाकशास्त्राचे पुस्तक आले. लिहिणारे गृहस्थ मोठे विद्वान होते. वन्संनी ते संपवले आणि म्हणाल्या, "ह्याने जन्मात पुरण वाटलेलं नाही. 'कणीक हवी तशी सैल भिजवावी' म्हणतो. हवी तशी म्हणजे कशी, हे ठाऊक असतं तर पुस्तक कशाला उघडलं असतं?" कुलीन स्त्रियांना उपदेश करणारे एक पुस्तक होते, ते सासूबाईंनाही वाचून दाखवावे असा ह्यांचा आग्रह होता. वन्सं म्हणाल्या, "बायकांसाठी म्हणून लिहिलंय खरं, पण ते नवऱ्यांनी एकमेकांना वाचून दाखवायचं पुस्तक आहे." मला हसू आवरेना. त्या मात्र हसल्या नाहीत. आपण विनोद केला असे त्यांना वाटतच नसे.

नुसती नावे ठेवणाऱ्या त्या नव्हत्या. राजपुत्र, जादूचा महाल, समुद्रातले बेट अशी एक अद्भुत कादंबरी होती. तिच्यातली नायिका पानोपानी मूर्च्छा येऊन पडे. "हिला कधी पाणी भरायला लावलेलं दिसत नाही," वन्सं म्हणाल्या, आणि ती कादंबरी त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मी विचारले तर म्हणाल्या, "खोटं आहे, पण ते खोटं आहे हे लपवीत नाही. आणि घोडा फार चांगला रंगवलाय." काशीयात्रेचे वर्णन वाचून म्हणाल्या, "ह्या माणसाने काशी पाहिलीच नाही. काशीत आपण कसे दिसलो, तेवढंच पाहिलंय. नर्मदा उतरतानाची दोन पानं मात्र खरी आहेत. तिथे तो घाबरला होता ना!" कल्याणच्या पलीकडे पाऊल न टाकलेल्या बाईला हे कसे कळे, मला आजवर उमगलेले नाही.

ही मते घरात राहत नसत. रविवारी वाचनालयात मंडळी जमत, नव्या पुस्तकांची चर्चा होई. शनिवारी हे पान खाता खाता सहज विचारल्यासारखे करीत, "काय गोदे, ते बखरीचं पुस्तक झालं का तुझं?" त्या सांगत. रविवारी हे तेच तिथे बोलत. चर्चेला येणारे एक वृद्ध निवृत्त मुनसफ ह्यांची पाठ थोपटीत, "मर्म बरोबर पकडता हो तुम्ही!" हे घरी येऊन ती शाबासकी मला ऐकवीत, वन्संना नाही. पण त्यांना सारे ठाऊक होते. एकदा चुलीपुढे बसून म्हणाल्या, "माझं मत मिशी लावून बाहेर जातं, वहिनी, आणि मान मिळवून येतं. जाऊ दे. मला पुस्तक मिळतं."

पुढे ह्यांनीच कादंबरी लिहायला घेतली. विषय एका बालविधवेच्या दुःखाचा. कचेरीतून आले की ओटीवर दिवा घेऊन लिहीत बसत, आणि लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरून येत. मी ते पाहिले आहे. कादंबरी पुरी झाली तेव्हा एका रविवारी दुपारी ह्यांनी मंडळींना घरीच बोलावले. मुनसफ आले, शाळेचे हेडमास्तर आले, कचेरीतले दोघे-तिघे आले. ओटीवर जाजम घातले. आम्ही बायका माजघराच्या दाराआड बसलो. वन्सं माझ्या उजव्या हाताला होत्या, मांडीवर वाटाण्यांची परडी.

वाचन चांगले झाले. ह्यांचा आवाज गोड होता. कादंबरीतली मुलगी पंतोजीची लेक होती, बापाच्या शाळेत कोपऱ्यात बसून शिकलेली. ते ऐकून मी वन्संकडे पाहिले. त्या वाटाणे सोलत होत्या. मग ती मुलगी विधवा होते, आणि तिचे केस उतरवायला न्हावी येतो, तो प्रसंग आला. कादंबरीतला भाऊ धावत येतो, न्हाव्याचा हात धरतो, वडिलांच्या पायांवर डोके ठेवून ओक्साबोक्शी रडतो. पण रूढीपुढे त्याचे काही चालत नाही. ओटीवर कोणीतरी नाक ओढले. सासूबाई पदराने डोळे टिपू लागल्या. वन्संचे हात थांबले होते.

वाचन संपल्यावर मुनसफ म्हणाले, "तुमच्या घरात वाचणाऱ्या बहीण आहेत म्हणता ना? त्यांचा अभिप्राय कळू द्या की. विषय त्यांचा आहे."

ह्यांना आनंदच झाला. दाराशी येऊन म्हणाले, "गोदे, सांग. मंडळी विचारताहेत. लाजू नकोस."

वन्सं दाराआडूनच बोलल्या. आवाज नेहमीचाच होता, ताक झाले म्हणून सांगावे तसा. "भाषा चांगली आहे. पंतोजींची शाळा हुबेहूब उतरली आहे. एक जागा तेवढी खोटी आहे. न्हाव्याला बोलवायला भाऊच गेला होता."

हेडमास्तर खाकरले आणि चहाला उशीर होतो आहे असे काहीतरी म्हणाले. मंडळी लवकर उठली. ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. त्यांनी कागद गोळा केले, कडा सारख्या केल्या आणि ते वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी वन्संना विचारले. त्यांनी सांगितले ते असे. वडील म्हणत होते, वर्षभर थांबू, पोर लहान आहे, लोक काय म्हणतील ते म्हणोत. ह्यांना तेव्हा कचेरीत नुकती बिनपगारी उमेदवारी मिळाली होती. वरचे कारकून सारे आपल्यातलेच. घरात सकेशा विधवा ठेवली असे झाले तर नोकरी मिळणार नाही, असे हे वडिलांना म्हणाले. वडील गप्प बसले. सकाळी अंगणात सडा पडायच्या आत हे न्हावीआळीत जाऊन न्हाव्याला घेऊन आले. "त्याने हात नाही धरला कोणाचा," वन्सं म्हणाल्या. "पाट आणून मांडला."

मी हे ह्यांना बोलले. बोलल्यावाचून राहवेना. हे चिडले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुला काय ठाऊक? मनातून मी रडतच होतो." आणि ते खरे असावे असे मला वाटले. मी ते वन्संना जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "रडला असेल. तर तसं लिहायचं होतं. मनातून रडला आणि पायांनी गेला. ती गोष्ट मी दोनदा वाचली असती."

त्यानंतर माजघराच्या फळीवर पुस्तक आले नाही. हे कधी ओरडले नाहीत, कधी टाकून बोलले नाहीत. मला एवढेच म्हणाले, "गोदीच्या डोळ्यांना त्रास होतो अलीकडे. वाचन बंद केलेलं बरं." वन्संचे डोळे तेव्हा सुईत दोरा ओवण्याइतके चांगले होते. दुपारी त्या पडवीत बसत ते वाती वळायला. काही महिन्यांनी कल्याणहून त्यांच्या चुलत सासऱ्यांकडे बाळंतपणाला आणि रांधायला माणूस हवे असा निरोप आला. हे म्हणाले, शेवटी तेच तिचे घर. वन्संनी एक बोचके बांधले. निघताना सासूबाईंच्या पाया पडल्या, ह्यांच्याही पाया पडल्या. ह्यांनी आशीर्वाद दिला.

कादंबरी छापून आली आणि गाजली. न्हाव्याचा प्रसंग वाचून पुण्यामुंबईच्या माणसांनी ह्यांना धन्यवाद कळवले. सभा झाली, शालजोडी मिळाली. सभेत एका वक्त्याने सांगितले, असे भाऊ घरोघर असते तर ह्या देशातल्या विधवांचे अश्रू कधीच पुसले गेले असते. मी बायकांच्या बाजूला चिकाच्या पडद्यामागे बसून ते ऐकले.

एका मुंजीच्या निमित्ताने मी कल्याणला गेले, तेव्हा वाट वाकडी करून वन्संना भेटले. पारनाक्याच्या पलीकडे घर होते, माणसे पुष्कळ, स्वयंपाकघराला धुराडे नाही. वन्सं बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, कडांना पाणी. आता खरोखरच दिसत नव्हते. मागच्या दारी पायरीवर बसलो. पहिला प्रश्न, "ते त्याचं पुस्तक छापून आलं म्हणे. आणलंत?" आणले होते. "न्हाव्याचं वाचा."

मी वाचले. छापताना तो प्रसंग वाढवला होता. भाऊ आता मूर्च्छा येऊन पडत होता.

"आता भाऊसुद्धा पडायला लागला का?" वन्सं म्हणाल्या. मग विचारले, "दुसरं काही नाही का हो आणलंत? चांगलं नसलं तरी चालेल."

चांगलं नसलं तरी चालेल! हे त्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. दुसरे पुस्तक जवळ नव्हते. तेव्हा मी नुकतेच एक नाटक वाचले होते, त्याची गोष्ट सांगू लागले. त्यांनी मला अडवले. "गोष्ट राहू दे. तुम्हाला कसं वाटलं ते सांगा."

"चांगलं आहे," मी म्हटले.

"चांगलं म्हणजे काही नाही. कुठे कंटाळलात?"

मला आठवावे लागले. "राजा शिकारीहून परत येतो तिथे," मी म्हटले. "तो येणार हे आधीच ठाऊक असतं."

"हां," त्या म्हणाल्या, आणि धुराने सुजलेल्या त्या चेहऱ्यावर मला पुष्कळ दिवसांनी आमच्या पडवीतल्या वन्सं दिसल्या. "तिथून सुरुवात करा. आता पुढे."

तेवढ्यात आतून हाक आली आणि त्या उठून गेल्या. तीच आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात ताप येऊन त्या गेल्या. आम्हाला कळले तेव्हा दिवसही होत आले होते. हे बाराव्याला कल्याणला जाऊन आले, आणि आल्यावर ओटीवर लिहायला बसले.

लिहून झाल्यावर ह्यांनी मला बोलावले. एका साप्ताहिकासाठी भगिनीवर लेख लिहिला होता. तो मला वाचून दाखवला. ती किती सुशील, किती बुद्धिमान, तिला पुस्तके आणून देण्यात आपल्याला केवढे सुख वाटे, हे सारे होते. शेवटी लिहिले होते की आपल्या कादंबरीचे प्रथम वाचन झाले तेव्हा ती दाराआड बसून ऐकत होती, आणि न्हाव्याच्या प्रसंगाला तिला अश्रू अनावर झाले. ते अश्रू हाच आपला खरा पुरस्कार.

"कसं झालंय?" ह्यांनी विचारले.

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला असे पहिल्यांदाच विचारले होते. मी म्हटले, "सुरुवात चांगली आहे. शेवट खोटा आहे."

हे म्हणाले, "मेलेल्या माणसावरच्या लेखाचं कोणी असं परीक्षण करतं का?" कागदाची घडी घातली, जोडे चढवले आणि स्वतः टपालात टाकून आले.

लेख छापून आला. आळीतल्या बायका तो वाचून घ्यायला माझ्याकडे येत आणि शेवटाला डोळे पुसत. वन्सं आता फारशा कोणाला आठवत नाहीत. ज्यांना आठवतात, त्यांना त्या लेखातल्या आठवतात, भावाची कादंबरी ऐकून रडलेल्या.

त्या रडल्या नव्हत्या. मी शेजारी बसले होते.