वरचं गेट, खालचं गेट

त्या दोघा भावांमधून बावीस वर्षं विस्तव जात नव्हता, आणि तरीही दिवसातून बारा वेळा दोघे एकमेकांच्या भरवशावर शे-दोनशे माणसांचा जीव ठेवत होते. असला कारभार फक्त त्या घाटातच चालू शकत होता, कारण तो घाटच तसा होता.

खालच्या वस्तीतला पूल ओलांडला की रस्ता नदीची संगत सोडून डोंगराला लागे. पहिली चार वळणं कोणीही गाडी चालवावी अशी. पाचव्यापासून मात्र सरळ कातळात कोरलेली अकरा किलोमीटरची पट्टी सुरू होई. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. ट्रक जायचा तर ड्रायव्हरने भिंतीकडचा आरसा मिटून घ्यायचा. पूर्वी तिथे खेचरांची वाट होती, मीठ वर जायचं आणि लोकर खाली यायची. मग कधीतरी सरकारला रस्त्याची हुक्की आली. कमरेला दोर बांधून लोंबकळत माणसांनी सात उन्हाळे पहारीने आणि सुरुंगाने तो कातळ फोडला. सात उन्हाळ्यांत एका गाडीपुरती जागा झाली आणि साहेबांचा उत्साह संपला. दुसऱ्या गाडीचं पुढे बघू, तोवर तात्पुरतं दोन्ही टोकांना एकेक गेट बसवा, असा हुकूम निघाला. ते तात्पुरतं चौसष्ट वर्षं टिकलं. आपल्याकडे पक्कं बांधलेलं काही इतकं टिकत नाही.

गेटची रीत साधी होती. वरचं गेट सात, नऊ, अकरा अशा विषम तासांना उघडायचं, खालचं सम तासांना. अर्धा तास गाड्या सोडायच्या आणि आडवा दांडा खाली घ्यायचा. शेवटच्या गाडीच्या हाती हातभर लांबीची एक लाल काठी द्यायची. ती काठी दुसऱ्या टोकाला पोचली की तिकडच्या माणसाने समजायचं, रस्ता मोकळा आहे, मागे कोणी नाही. मग त्याने आपल्या गाड्या सोडायच्या आणि तीच काठी परत पाठवायची. काठी एकच. ती हातात नसेल तर प्रत्यक्ष मंत्री आला तरी दांडा वर जायचा नाही.

वरच्या गेटवर थोरला होता. त्याला सगळे दादा म्हणत, त्याच्यापेक्षा वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. खालच्या गेटवर धाकटा. वरचा बुटका आणि खालचा ताडमाड, त्यामुळे देवाने नेमणुका उलट्या केल्या असं ड्रायव्हर लोक म्हणत. दोघांचे वडील या गेटवरचे पहिले कामगार. ते गेल्यावर खात्याने मुलांना लावून घेतलं. आई खाली धाकट्याकडे राहिली, कारण वरची थंडी तिच्या छातीला सोसत नसे.

भावांचं का फाटलं याच्या ड्रायव्हरांकडे तीन-चार हकिकती होत्या. कोणी घर म्हणे, कोणी दागिने म्हणे, एका टँकरवाल्याने तर बाईचं प्रकरण रंगवून सांगितलं होतं. दोघांच्या बायकांनाही खरं कारण ठाऊक नव्हतं. त्या जावा-जावांनी नवऱ्यांचा रुसवा कधी मनावरच घेतला नाही. बसच्या कंडक्टरच्या हाती वरून लोकरीचे मोजे जात, खालून औषधं येत. निरोप तर इतके जात की तो बिचारा म्हणायचा, मी तिकिटं कधी फाडू?

खरं कारण दादाच्या पोटात होतं, आणि ते त्याने कुणापुढे काढलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी नऊच्या पाळीला त्याने नेहमीसारख्या गाड्या सोडल्या, साडेनऊला शेवटच्या जीपला काठी दिली आणि दांडा खाली घेतला. तेवढ्यात टोमॅटोचा एक भरलेला ट्रक धापा टाकत आला. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडायला लागला. दोन दिवस वाटेत अडकलोय, माल पाझरायला लागलाय, अकरापर्यंत थांबलो तर सगळा रस्त्यावर ओतावा लागेल, म्हणाला. जीप पन्नास पावलांवर होती. दादाने शिटी मारली, तिला थांबवलं, काठी परत घेतली आणि ट्रकला दिली.

भरलेला ट्रक शेवटी सोडायचा नाही, हा वडिलांनी घालून दिलेला पहिला नियम. उतारावर तो पहिल्या गिअरमध्ये सरपटतो आणि सगळा घाट त्याच्यासाठी खोळंबतो. दादाला तो नियम तोंडपाठ होता. पण समोर माणूस हात जोडून उभा होता, आणि दादा तसा मऊ काळजाचा. ट्रकचे ब्रेक दोनदा तापले, दोनदा थांबावं लागलं. दहाला पोचायची ती काठी दहा पस्तीसला पोचली.

आणि त्या वेळी खालच्या गेटवर एका जीपच्या मागच्या सीटवर आई होती. सकाळी तिच्या छातीत कळ आली होती. दवाखाना वर, गेटच्याही पुढे. टेलिफोनची तार आठवड्यापूर्वी दरडीखाली तुटलेली. वर कळवायचं कसं? धाकटा काठीची वाट बघत थांबला. समोरून गाड्या उतरत होत्या, दांडा उचलून जीप आत घालणं म्हणजे दोन-चार जीव दरीत घालणं. त्याने ते केलं नाही.

पाऊण तासाने काठी वर आली तेव्हा तिला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती. ‘आई गेली. ये.’ एवढंच.

दादा गेला. सगळं आवरेपर्यंत दोन दिवस खाली राहिला. पण धाकट्याच्या नजरेला नजर देणं त्याला जमेना. पस्तीस मिनिटं, हा आकडा त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. सांगितलं तर हा भाऊ कायमचा तुटेल, या भीतीने तो गप्प राहिला. धाकटाही बोलेना. मग दादाला वाटलं, याला माझा संशय आला असावा. गप्प राहण्याची एकदा सवय लागली की ती मोडायला रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त जोर लागतो. महिने गेले, वर्षं गेली. तीनदा कामासाठी खाली जावं लागलं तेव्हा दादा बसमध्ये दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसला आणि खालचं गेट येताच झोपेचं सोंग घेतलं. पण इतक्या वर्षांत खालून आलेल्या काठीवर त्याने एकदाही शंका घेतली नाही. धाकट्याने काठी पाठवली म्हणजे रस्ता मोकळा. यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग रस्ता रुंद करायचा पुन्हा एकदा ठरलं, आणि या वेळी खरोखरच मशिनं आली. चार वर्षं सुरुंगांचे आवाज झाले. पट्टीला लागून दुसरी पट्टी निघाली, कठडे बसले, वळणांना नंबरांचे हिरवे फलक आले. शेवटी खात्याचा कागद आला की एक तारखेला दुपारी तीनची पाळी शेवटची. त्यानंतर दोन्ही गेटं काढायची, काठी आणि रजिस्टर खालच्या गेटवर जमा करायचं. दादाची नोकरीही त्याच महिन्यात संपत होती. मुलगी दूर सपाटीवरच्या शहरात होती, तिने आईबाबांसाठी खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. सामान बांधून झालं होतं. म्हणजे जे काय सांगायचं ते त्या तीनच्या पाळीच्या आत सांगायचं, नाहीतर घेऊनच मरायचं.

दादाने चिठ्ठी लिहायचं ठरवलं. चार लिहिल्या. पहिली फार लांब झाली, दुसरीत नुसती क्षमा होती पण कशाची ते नव्हतं, तिसरी वाचून त्याचा त्यालाच राग आला. चौथी त्याने शेगडीत टाकली. बायको भांडी कागदात गुंडाळत हे सगळं बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “काय असेल ते तोंडाने सांगा. कागदाला उलट बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला तो सोयीचा वाटतो.”

बावीस वर्षं जिला काही ठाऊक नव्हतं तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. मग तीनची पाळी आली, शेवटची म्हणून बस उभी राहिली आणि कंडक्टरने सवयीने खिडकीतून हात बाहेर काढला, तेव्हा दादाने त्याला काठी दिली नाही. काठी आणि रजिस्टर काखेत मारून तो स्वतःच बसमध्ये चढला. दांडा वर करून ठेव आणि परत खाली घेऊ नकोस, एवढं त्याने बायकोला सांगितलं.

पुढच्या सीटवरून तो घाट पहिल्यांदाच सबंध बघत होता. प्रत्येक वळणाला ड्रायव्हरांनी नाव ठेवलेलं होतं. एक सासूचं वळण, अगदी अंगावर येईपर्यंत दिसायचं नाही. एक कबुलीचं, तिथे भलेभले देवाचं नाव घेत. जिथे दोरावरची माणसं भाकरी खायला टेकायची तिथे कातळात बसल्याबसल्या घासून गुळगुळीत झालेला एक लांब ओटा होता. नव्या रस्त्याने त्यातला अर्धा खाल्ला होता. सतराव्या वळणावर ड्रायव्हर सहज म्हणाला की इथे भरलेल्या गाडीचे ब्रेक हमखास तापतात. दादाला परत फिरावंसं वाटलं, पण बस थोडीच फिरणार होती.

खालच्या गेटवर धाकटा उभा होता. केस पांढरे झालेले, उंची मात्र तेवढीच. कंडक्टरकडून काठी घ्यायची म्हणून त्याने न बघताच हात पुढे केला. काठी हातात आल्यावर त्याने वर बघितलं. क्षणभर दोघेही नुसते काठीची दोन टोकं धरून उभे राहिले. मग धाकटा म्हणाला, “आत ये.”

गेटची खोली वरच्या खोलीसारखीच होती. तेच टेबल, तेच भिंतीवरचं घड्याळ, तसंच बाक. धाकटा खुर्चीत बसला आणि शेवटची नोंद करायला त्याने रजिस्टर उघडलं. दादा उभाच राहिला. बसलो तर बोलता येणार नाही असं त्याला वाटलं.

“आई गेली त्या दिवशी काठी मी जीपला दिली होती,” तो म्हणाला. “परत घेतली आणि भरलेल्या ट्रकला दिली.”

“टोमॅटोच्या,” धाकटा म्हणाला.

दादा त्याच्याकडे बघतच राहिला.

“ट्रकवाल्याने इथे उतरल्या उतरल्या सांगितलं मला. तुमच्या दादांचे फार उपकार झाले, म्हणाला.”

“तुला तेव्हापासून माहीत आहे?”

“हो.”

“मग शिव्या तरी द्यायच्या होत्यास.”

धाकट्याने पेन खाली ठेवलं. आपण हे कधीतरी सांगणार हे त्याने ठरवलेलं असावं, पण आता शब्द एकेक करून ओढावे लागत होते. “आई दहाला दहा कमी असताना गेली, दादा. मी एकटाच होतो तिच्याजवळ. जीपमध्ये तिचा हात हातात होता, दारातून समोर हे घड्याळ दिसत होतं. तुझी काठी वेळेवर आली असती तरी दहाला आली असती.”

दादाला आधी कळलंच नाही. मग त्याने मनात हिशेब केला, पुन्हा केला, आणि मग मात्र त्याच्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षं ज्या पस्तीस मिनिटांनी त्याला झोपू दिलं नव्हतं, त्यांचा आईशी संबंधच नव्हता. हे एक वाक्य या माणसाकडे होतं आणि याने ते दाबून ठेवलं होतं. हात उगारावा असं त्याला वाटलं. लहान भावावर त्याने हात आयुष्यात एकदाच उगारला होता, आणि तोही पोहायला शिकवताना.

“ट्रकवाल्याचं ऐकलं आणि राग आला,” धाकटा म्हणाला. “म्हटलं, तू स्वतःहून सांगशील. सांगितलंस की मीही सांगेन. तोवर दोन दिवस सोसू दे थोडं. तू न सांगताच वर निघून गेलास. पुढे राग गेला, पण मग माझीच मला लाज वाटायला लागली. दोन दिवसांची बावीस वर्षं कधी झाली कळलं नाही.”

टेबलावर ठेवलेले त्याचे हात थरथरत होते. वडिलांचे शेवटी शेवटी थरथरायचे तसेच. ते पाहून दादाचा राग गेला. तो बाकावर बसला. मग त्याने विचारलं, “काही म्हणाली का ती?”

धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“विचारत होती, अजून किती वेळ. म्हटलं, वरून काठी येऊ दे. म्हणाली, वर थोरला आहे ना? हो म्हटलं. तर म्हणाली, मग येईल वेळेवर. तोवर पडते जरा.”

दादाने टेबलावर डोकं ठेवलं आणि इतक्या वर्षांत आईसाठी जे रडला नव्हता ते सगळं रडला. धाकट्याने खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर खालच्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती. आजपासून गेट उठलं हे त्यांच्यात कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे सवयीने दांड्यापाशी थांबून हॉर्न वाजवत होते. पण दोघांपैकी कोणीच उठलं नाही.