गोळ्या न मिळणारी बंदूक

आज गॅरेजमध्ये बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि टेक्सासमधल्या शुगर लँडचं ते बंदुकांचं दुकान आठवलं. एक वर्षाचा सोनू माझ्या कडेवर घामाने चिकटलेला, आणि आमचे हे हरणाच्या शिकारीला रायफल बघतायत.

बरोबरचे जोशीकाका म्हणाले, "जिच्या गोळ्या कुठेही मिळतात तीच घे."

मी ओरडलेच, "जिच्या कुठ्ठेच मिळत नाहीत ती घ्या!"

"मग काठीच घेऊ की, सूनबाई!" काका हसले.

पण यांना नेमकी तसलीच जुनी आवडली. मी खूश! गोळ्याच नाहीत म्हणून तिला कुलूप लावलं नाही, सोनू तिच्याशी खेळतच मोठा झाला. आता यांना ऑनलाइन गोळ्या मिळाल्या, आणि मी ओरडतेय, हात लावू नकोस, तर हा म्हणतो, "बट आई, इट्स एम्प्टी!"