साडूचा शिक्का

कुकटपल्लीच्या कारखान्यांच्या वसाहतीत श्रीपती ढगेचं नाव काढा, कुणीही सांगेल, "बड़े दिल का आदमी है, साब." हे ऐकलं की श्रीपतीचं तोंड कारलं खाल्ल्यागत होतं. का होतं ते त्याचं त्याला ठाऊक, आणि आता तुम्हाला सांगतो.

माणूस मूळचा नांदेडकडचा. जमिनीच्या वाटण्या झाल्या, हाती फारसं काही आलं नाही, म्हणून हैदराबादला आला आणि पद्मावती इंजिनिअरिंग नावाच्या शेडमध्ये लेथवर उभा राहिला. पंपाचे शाफ्ट कातायचे, हेच काम. मालक राव साब तेलुगू माणूस, पण श्रीपतीवाचून त्यांचं पान हलत नसे. पुढं बायकोच्या, म्हणजे विमलाबाईच्या, धाकट्या बहिणीचं लग्न झालं. ही गीता. तिचा नवरा विजय गावात नुसता हिंडत होता. श्रीपतीनंच त्याला बोलावून घेतलं, लेथ शिकवला, मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं. चारचौघांत सांगायचा, "माझा साडू. माझ्या हाताखाली तयार झालाय." त्यातलं 'माझ्या हाताखाली' जरा मोठ्यानं म्हणायचा.

मग देशाची दारं उघडली. परदेशी कंपन्या लष्कराला हेलिकॉप्टरं, विमानं विकायला आल्या, आणि सरकारनं अट घातली की बाबांनो, विका, पण थोडं काम इथल्या कारखान्यांनाही द्या. अशाच एका बड्या कंपनीचा गोरा साहेब शेडं बघत बघत पद्मावतीत आला. काय आवडलं देव जाणे! हेलिकॉप्टरच्या शेपटीत बसणारा तळहाताएवढा एक तुकडा करायचं काम राव साबांना मिळालं. नवी यंत्रं आली, काचेची थंडगार खोली झाली, पोरांना पांढरे कोट मिळाले. राव साबांनी अख्ख्या शेडला मिर्ची भजी खिलवली.

साहेबांची पद्धत अशी, की प्रत्येक तुकडा तपासणाऱ्यानं त्यावर आपला शिक्का उठवायचा. शिक्का बोटाएवढा, त्यावर आकडा, आणि तो आकडा एकाच माणसाचा. उद्या आभाळात काही बिघडलं तर कुणी पास केलं ते कळलं पाहिजे. शिक्का कुणाला द्यायचा नाही, शेडबाहेर न्यायचा नाही, संध्याकाळी कपाटात बंद. हे इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, राव साबांनी तेलुगूतही सांगितलं.

शिक्का कुणाला मिळणार, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. श्रीपतीनं तर घरी सांगूनही टाकलं होतं.

नमुन्याचे तुकडे झाले त्या दिवशी साहेब काचेच्या खोलीत उभा होता. श्रीपतीनं आपला तुकडा अंगठ्यानं चाचपला, बरा वाटला, पुढं सरकवला. पंपाच्या कामात असंच चालत आलं होतं. विजयनं तो मोजला. पुन्हा मोजला. मग हळूच म्हणाला, "दादा, हा नाही चालायचा. भोक सरकलंय." साहेबानं स्वतः मोजून बघितलं आणि विजयच्या पाठीवर थाप मारली.

पोरगं खोटं बोललं असतं तर श्रीपतीनं तिथंच त्याची कानउघाडणी केली असती. पण भोक खरंच सरकलं होतं हो!

शिक्का विजयला मिळाला. तेव्हापासून श्रीपतीचा जो जळफळाट सुरू झाला तो थांबेना. विजय थंड खोलीत, हा बाहेर यंत्रावर. ह्यानं घाम गाळून तुकडा करायचा आणि त्यानं तो उजेडाकडं धरून बघायचा. बरं, विजय माजला असता तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो मेला माजेचना! दुपारी आपला डबा घेऊन बाहेर यायचा आणि श्रीपतीशेजारी बसून जेवायचा. वर गीतानं केलेली तिळाची चटणी ह्याच्या डब्यात वाढायचा. घरी विमलाबाईंचं निराळंच. "विजयरावांचा कोट बघितला का ओ? डॉक्टरच दिसतात." श्रीपती जेवता जेवता उठायचा.

दसरा आला. दोघा साडवांची रीत अशी, की खंडेनवमीला आपापली हत्यारं थोरल्याकडं, म्हणजे श्रीपतीकडं, घटापुढं मांडायची. हळदीकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. श्रीपतीनं मायक्रोमीटर ठेवला. विजयनंही ठेवला. मग खिशातून रुमाल काढला, रुमालातून शिक्का, आणि तो मधोमध मांडला.

शेडबाहेर न्यायचा नाही म्हणून तीन भाषांत सांगितलेली वस्तू!

"आणला व्हय?" एवढंच तो म्हणाला.

"आता हेच माझं हत्यार, दादा. देवीपुढं नको का ठेवायला?" विजय म्हणाला, आणि मनोभावे हात जोडले.

एका शब्दानं सांगता आलं असतं, की अरे वेड्या, परत ठेवून ये. श्रीपतीनं उलट स्वतःच्या हातानं शिक्क्यावर कुंकू वाहिलं, चांगलं चिमूटभर.

दसऱ्याला दुपारी राव साबांचा फोन आला. कंपनीचा तपासनीस बेंगळुरूहून अचानक आला होता, परदेशी कंपनीच्या कॅलेंडरात दसरा नव्हता. "कपाटात शिक्का नै रे श्रीपती! विजयला बोलावलंय. तू भी आ जा जल्दी."

श्रीपतीनं घटापुढचा शिक्का उचलला. विमलाबाई ओरडल्या, "अहो, पूजा उठली नाही अजून! देवीपुढचं असं उचलतात का?" तो ऐकायला थांबला कुठं! स्कूटरवर वाटभर एकच वाक्य घोकत होता. राव साब, विजय घर को ले गया था. राव साब, विजय घर को ले गया था. कधी नव्हे तो उन्हातसुद्धा गारवा वाटत होता.

काचेच्या खोलीत विजय नव्या कपड्यांत उभा होता, चेहरा पांढराफटक. श्रीपतीनं खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. आकड्याच्या खाचांत हळदकुंकू बसलं होतं.

तपासनीसानं तो उचलला. "ये बाहर कौन ले गया था?"

वाक्य जिभेवर तयार होतं. श्रीपतीनं तोंड उघडलं, आणि बघितलं तर राव साब विजयकडं बघत होते. तपासनीस विजयकडं बघत होता. दारातला वॉचमनसुद्धा मान वाकडी करून विजयकडंच. शिक्का आणला श्रीपतीनं, ठेवला श्रीपतीनं, आणि त्याच्याकडं बघायला एकाला सवड नव्हती. चूक केली तरी ह्याच्याचकडं बघायचं? श्रीपतीच्या डोक्यात सणक गेली.

"मैं ले गया था," तो म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. ते बरं वाटलं त्याला, खरंच बरं वाटलं. पण फार वेळ नाही.

"क्या बोल रा रे तू?" राव साब म्हणाले.

आता मागं कसं फिरायचं? "मैंच ले गया था. पूजा को. विजयला म्हाईत नव्हतं."

विजय काही बोलणार तोच राव साबांनी त्याला डोळ्यानं दटावलं. शिक्केवाला सुटला की काम वाचत होतं, त्यांना तेवढं पुरे होतं.

कपाटाकडं लक्ष ठेवलं नाही म्हणून विजयला नुसती ताकीद मिळाली, शिक्का त्याच्याकडंच राहिला. श्रीपतीला हेलिकॉप्टरच्या कामावरून कायमचं उठवलं आणि मागच्या जुन्या शेडमध्ये पंपाच्या शाफ्टवर परत पाठवलं. त्या संध्याकाळी विजय आपट्याची पानं घेऊन आला आणि पायावर डोकं ठेवून रडला. विमलाबाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा वाटलं, माझा नवरा सगळ्यांत मोठा."

श्रीपतीनं सांगायचा प्रयत्न केला. "अगं, मी त्याला पकडून द्यायला गेलो होतो!"

विमलाबाई हसल्या. "पुरे आता. मोठेपणा किती लपवाल?"

त्यानंतर त्यानं कुणाला सांगितलं नाही. विजय आता अख्ख्या तपासणीचा मुख्य आहे. दर दसऱ्याला येतो, पाया पडतो, पोरांना सांगतो, "ह्यांच्यामुळं मी उभा आहे." मग कपाळ पुढं करतो. श्रीपती कुंकवात अंगठा बुडवतो आणि टिळा लावतो, जरा जास्तच दाबून. विजय डोळे मिटून उभा राहतो. दुखलं तरी बोलत नाही.