आत आडवं होऊन बघा

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रंगारी. लाकडी सामानावर रंगाचा फवारा मारण्यात उभा जन्म गेला, पण तोंडाला फडकं बांधा म्हटलं की विचारायचे, "मी काय दरोडेखोर आहे?" आजारी पडणं म्हणजे त्यांच्या लेखी कामचुकारपणा. गेलं वर्षभर ते बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपत होते. कारण विचारलं तर म्हणायचे, "तुझी ताई घोरते." ताई चिडायची आणि मी आगीत तेल ओतायची.

परीक्षा संपल्यावर तळ्याकाठी तंबूत राहायचं, असा भाचीने हट्टच धरला. भाऊजींनी नाना सबबी सांगितल्या, पण लेकीपुढे त्यांचं काही चालेना. आम्ही चौघं तंबू घ्यायला गेलो.

दुकानदार भलताच खमक्या. "चौघांचा म्हणजे काडेपेटीतल्या काड्यांसारखे चौघं," तो म्हणाला. "आत आडवं होऊन बघा. त्याशिवाय मी विकत नाही."

बूट काढून आम्ही तिघी उभारलेल्या तंबूत शिरलो. भाऊजी दाराशीच घुटमळले.

"मी कुठेही मावतो. तुम्ही बघा."

"बाबा, या ना! सगळ्यात जास्त जागा तुम्हालाच लागते."

ते बूट काढून आत आले, आडवे झाले. ताईचं कोपर माझ्या बरगडीत, भाचीचे पाय तंबूच्या दाराबाहेर. आमची हसून पुरेवाट झाली.

"ताई, आता घोरू नकोस बाई," मी म्हणाले.

भाऊजी हसले नाहीत. त्यांच्या छातीतून उकळत्या किटलीसारखा आवाज येत होता. मग ते धडपडत उठून बसले आणि तोंडाने श्वास ओढत राहिले.

"जागा कमी आहे, दुसरं काय," ते कसंबसं म्हणाले.

मी घाबरले, आणि त्याहून जास्त संताप आला. वर्षभर या माणसाने आम्हाला वेड्यात काढलं होतं.

"म्हणून खुर्ची होय?" ताईने हळूच विचारलं.

"काय, पुरतो का?" बाहेरून दुकानदाराने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "दोन खुर्च्या मावतील असा बाजूला काढून ठेवा. आम्ही आधी डॉक्टरांकडे जाऊन येतो."

"दोन कशाला?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही रात्रभर बसणार आणि मी काय पाय पसरून झोपू?"

बाहेर आल्यावर भाऊजी बाकावर टेकले. लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ताईला म्हणाले, "डॉक्टरने रंगकाम बंद करा म्हटलं तर? मला दुसरं काय येतं?"

ताई खाली बसली आणि त्यांच्या पायांत बूट चढवू लागली.