छापेचं कडवं

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात मला विहारात, सगळ्यांच्या देखत, चोर म्हटलं गेलं.

ज्याने म्हटलं त्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही. तो रायपूरच्या गुढियारी मोहल्ल्यात राहतो, म्हणून गुढियारीवाला म्हणतो. त्याच्याशी मी कित्येक वर्षं बोललो नव्हतो. विहारात तो दाराजवळ बसायचा, मी खिडकीजवळ. काही विचारायचं असलंच तर मध्ये बसलेल्या माणसाला विचारायचं.

त्या रविवारी वंदना आटोपली आणि तो मधल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "विचारा त्याले, गाणं कधीपासून लिहून राहिला तो? सही तरी धड येते का?"

मी म्हणालो, "विचारा त्याले, सकाळी सकाळी काय पिऊन आला?"

म्हातारा वैतागला. "मले काहून विचारता? मी काय पोस्टमन आहो?"

तेव्हा गुढियारीवाल्याने फोन वर धरला. फोनमधून माझ्या नातीचा आवाज आला. ती गात होती. तिचा आवाज मी हजारांत ओळखीन. 'पुसून टाक बाई अंगठ्याची शाई, सही कर सही, आता भ्याचं नाही काही.' त्याच्या पाठीमागच्या पोट्ट्याने खाली लिहिलेलं मोठ्याने वाचलं : गीत, मेरे आबाजी. पुढे माझं नाव.

"चोर आहे," गुढियारीवाला म्हणाला. भिंतीकडे पाहून म्हणाला, पण ऐकलं सगळ्यांनी.

तो व्हिडिओ मी कधी पाहिलाच नव्हता. आणि गाणं त्याचंच होतं.

आता हे नीट सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलो. बाप भंडाऱ्याकडून रायपूरला मजुरीला आला, मी शहराबाहेरच्या उरला भागात रोलिंग मिलमध्ये लागलो. लाल सळी चिमट्याने धरून पुढे ढकलायची, आयुष्यभर तेच. पण जयंती आली की आमच्या गायन पार्टीत माझा गळा लागायचा. गुढियारीवाला रेल्वेत बाबू. तो गाणी लिहायचा, मी चाल बांधायचो आणि गायचो. लोक दुर्गहून, गोंदियाहून बोलवायचे.

आमच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. त्याला आम्ही छाप म्हणतो. गाणं कुठेही जावो, छाप त्याच्यासोबत जाते. दुसऱ्याचं गाणं गाऊन छाप गिळली, तर त्या गाणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी माइक देत नाही. पोलीस नको, वकील नको, आमचा हाच कायदा. फक्त एक आहे. छापेत जागा लिहिणाऱ्यालाच असते. ज्याने चाल बांधली त्याला तिथे अर्धी ओळही नाही.

हे मला खटकायचं, पण मी बोललो नव्हतो. मग एका जयंतीला कोणी तरी मंचावरून माझ्या चालीची तारीफ केली. गुढियारीवाल्याने माइक ओढला आणि म्हणाला, "चाल काय, हवेतली उचलली. डोकं माझं आहे. हा नुसता भोंगा." लोक हसले. मी ढोलक तिथेच ठेवली आणि पायी घरी आलो. त्या दिवसापासून बोलणं बंद.

गाणं मात्र सोडलं नाही. अंगठ्याच्या शाईचं ते गाणं माझ्या बायकोला आवडायचं, तिची आई जन्मभर अंगठाच लावत आली होती. बायको गेल्यावर मी ते नातीला म्हणून दाखवत असे, पाळण्यात होती तेव्हापासून. फक्त तीन कडवी. चौथं म्हणजे छापेचं. त्या माणसाचं नाव माझ्या घरात निघणार नाही असं मी ठरवलं होतं, आणि निघालं नाही.

त्या रविवारी घरी आलो ते चप्पल पायात ठेवूनच. नात सहावीत होती. तिला मराठी सगळी समजते, बोलते हिंदी.

"हा व्हिडिओ कोणी टाकला?"

ती खूश झाली. तिला वाटलं मी शाबासकी देतो. "मैंने, आबाजी! स्कूल का प्रोजेक्ट था, स्कूल के पेज पर डाला. मैडम ने सिखाया कि नेट से किसी का गाना, फोटो, कुछ भी उठाके अपना नहीं बोलना. जिसका है उसका नाम देना. तो मैंने आपका नाम दिया. सबसे अच्छा मेरा ही था."

"गाणं माझं आहे असं तुले कोणी सांगितलं?"

"आप ही तो गाते हो."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मुलगा आतून आला, म्हणाला, "बाबा, काहून पोट्टीवर चिडता? इंटरनेटवर सगळं असंच चालते. डिलीट करून टाकू, झालं."

"डिलीट केलं तर लोक काय म्हणतील? चोराने माल लपवला. मिटवायचं नाही."

"मग ठेवू."

"ठेवायचंही नाही!"

"मग करू तरी काय, सांगा."

सून दाराशी उभी होती. ती गोंदियाची, तिच्या माहेरी पण गायन पार्टी होती. ती मला भीत नाही. म्हणाली, "मामाजी, गाण्याले छाप असते. तुम्ही ती म्हणतच नाही. मग पोट्टीले कसं कळणार?"

नात एकदम म्हणाली, "मतलब गाना और है?"

"एक कडवं आहे," सून म्हणाली. "त्यात लिहिणाऱ्याचं नाव आहे."

पोट्टी माझ्याकडे पाहत राहिली. "मैडम ने बताया था, लोग फोटो का कोना काट देते हैं, जहाँ बनाने वाले का नाम रहता है. वो भी चोरी है." मग म्हणाली, "कोना तो आपने काटा, आबाजी."

माझ्या घरात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "मी माझ्या घरात काय म्हणतो, काय नाही, ते माझं मी पाहीन. मी ते बाजारात नेलं नव्हतं. बाजारात तू नेलं." हे माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे. ती रडत आत गेली. मी जेवलो नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

सोमवारी मी तिच्या शाळेत गेलो. ज्या मॅडमने नाव द्यायला शिकवलं, ती माझ्या नातीपेक्षा फार मोठी वाटत नव्हती. मी तिला सगळं हिंदीत सांगितलं. ती हसून म्हणाली, "दादाजी, ये तो लोकगीत है ना? लोकगीत का कोई एक मालिक नहीं होता. 'पारंपरिक' लिख देते हैं."

"कैसा पारंपरिक? आदमी जिंदा है. गुढ़ियारी में रहता है. कल ही मुझे चोर बोलके गया."

तिचं हसू गेलं. "ओह. मैंने सोचा, पुराना होगा."

"पुराना तो मैं भी हूँ. तो क्या मेरा नाम मिट गया?"

ह्यावर ती सरळ बोलली, तेवढं तिचं चांगलं. म्हणाली, व्हिडिओ शाळेच्या पानावरून उतरवते, पण नुसतं उतरवून चूक सुधारत नाही, लोकांनी जे पाहायचं ते पाहिलं. मुलीने पूर्ण गाणं पुन्हा गावं, खरं नाव लिहावं, आधी चुकलं होतं असंही लिहावं. "और उनसे पूछना पड़ेगा."

"किससे?"

"जिन्होंने लिखा है. बिना पूछे दोबारा डालेंगे तो फिर वही बात हुई."

मी खुर्चीवरून उठलो. "मर जाऊँगा, उस आदमी से नहीं पूछूँगा."

"तो फिर मैं नहीं डाल सकती, दादाजी."

येताना मी फाटकावरच्या चौकीदाराला उगाचच झापलं. बिचाऱ्याने फक्त रजिस्टरमध्ये वेळ लिहायला सांगितली होती.

संध्याकाळी नात घरी आली, दप्तर फेकलं आणि कोपऱ्यात बसली. विहारातल्या एका घरचा पोट्टा तिच्या वर्गात आहे. त्याने डबा खायच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं होतं, हिचा आजा चोट्टा आणि ही चोट्टी. ज्या वर्गात आठवड्यापूर्वी तिच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्याच वर्गात.

सून म्हणाली, "चल, एक गाणं म्हण, बरं वाटेल."

"मुझे नहीं गाना. कभी नहीं गाना."

पोट्टीचा गळा माझा आहे. मुलाला तो आला नाही, त्याला बेसूर शिट्टीही वाजवता येत नाही. माझ्याजवळ द्यायला जमीन नव्हती, घर भाड्याचं. जे होतं ते हेच, आणि ते तिच्यात उतरलं होतं. मला चोर म्हणा, मी चोर म्हणणाऱ्याला पाहून घेईन. पण त्या माणसाच्या एका शब्दाने ही पोट्टी मुकी होणार असेल, तर मग तो जिंकला, आणि मी त्याला कधी जिंकू दिलेलं नाही. तिची मॅडम म्हणाली ते मी पुन्हा मनात फिरवलं. त्यात मला कुठे फट सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उठवलं. शाळेचे कपडे घालायला लावले आणि ई-रिक्षात बसवून गुढियारीला नेलं. ट्रकांतून पोती उतरत होती, रस्ता अडला होता. शेवटचा टप्पा आम्ही पायी गेलो.

तो बनियनवर ओट्यावर पेपर वाचत होता. आम्हाला पाहिलं, पण पेपर खाली केला नाही.

"काय पाहिजे, ओ पोट्टे?" त्याने नातीला विचारलं.

तिने मी शिकवलेलं नाही, तिचं तिचं म्हटलं. "नमस्ते. मुझे आपका गाना पूरा गाना है, आपके नाम के साथ. आप परमिशन देंगे?"

"तुझ्या आबाजीच्या तोंडाले कुलूप आहे का?"

मी म्हणालो, "गाणं तुझं आहे."

"काय म्हणते तो?" त्याने तिलाच विचारलं. ऐकू सगळं आलं होतं त्याला.

मग मी मंचावर लावायचो तो आवाज लावला. "गाणं तुझं आहे! मी लिहिलं नाही आणि लिहिलं असं कधी म्हटलं नाही. पोट्टीले माहीत नव्हतं, कारण शेवटचं कडवं मी घरात म्हणत नव्हतो. तुझं नाव माझ्या घरात नको होतं, म्हणून म्हणत नव्हतो. आताही नको आहे. पण गाणं तुझं आहे. चोर म्हणायचं तर मले म्हण, हिले कोणी म्हटलं तर पाय तोडीन!"

नळावरच्या बाया थांबल्या. समोरचा पानवाला हात पुसत बाहेर आला.

गुढियारीवाल्याने पेपरची घडी केली. "आत ये," तो तिला म्हणाला. माझ्यासाठी त्याच्या सुनेने खुर्ची आणली. मी बसलो नाही. दाराच्या बाहेर उभा राहिलो. त्याने आत तिला कडवं सांगितलं, तिने फोनमध्ये लिहून घेतलं. त्याने त्याचं नाव तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तेवढं मी सोसलं.

मग पोट्टीने विचारलं, "और चाल किसकी है? मैडम ने कहा है सबका नाम डालना है."



"चाल अशीच असते," तो म्हणाला. "हवेतली."

"हवा का नाम कैसे लिखूँ?"

मी दाराला कान लावला, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, "लिही त्याचं. बारीक अक्षरात."

"सारख्या अक्षरात," मी बाहेरून म्हणालो.

"सांग त्याले, बारीक."

"सांग त्याले, सारख्या, नाहीतर पोट्टी गाणार नाही."

पोट्टी म्हणाली, "इसमें साइज़ एक ही आता है," आणि लिहून मोकळी झाली. मी फोन हातात घेतला, दूर धरला आणि दोन्ही ओळी एकेक अक्षर लावून वाचल्या. वरची त्याची, खालची माझी. खाली तिने लिहिलं होतं, पहले मुझसे गलती हुई थी.

शाळेला उशीर होत होता. मी तिला म्हणालो, इथेच गा, ह्याच्या दारात, चारही कडवी. तिने फोन खिडकीत टेकवला. तो आतल्या गादीवरून हललाही नाही. ती सुरू झाली, आधी घाबरत, मग नाही. ढोलक मी आणली नव्हती, म्हणून त्याच्याच दाराच्या फळीवर ठेका धरला. जरा जोरातच धरला.