रिकाम्या चौकटीशेजारची साक्ष

आरोपपत्राची प्रत पुढ्यात होती आणि जुन्नरच्या वकीलबाई मला त्यातला एकेक शब्द समजावत होत्या. संस्कृताच्या अध्ययनात आयुष्य गेले, तरी त्या शब्दांपुढे मी नवखाच होतो.

"खोटा दस्तऐवज म्हणजे केवळ खोटा मजकूर नव्हे, गुरुजी. जिने तो केलाच नाही, तिनेच केला असे भासवणे. या संमतिपत्रावरचा अंगठा काकूंचा नाही."

काकू म्हणजे घाटघरची एक विधवा; वकीलबाई तिच्याच. पतीच्या वाट्याची जमीन आपण पुतण्याला सोडली, हे तिला तलाठ्याची नोटीस हाती पडल्यावर कळले. आरोपी तो पुतण्या, आणि त्या संमतिपत्रावर साक्षीदार होतो मी.

कागद करण्याचा मुहूर्तही मीच काढून दिला होता. कागदाला हळदकुंकू वाहून मगच सही करायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी पुतण्या माझ्या घरी आला, तो एकटाच.

"काकू लेकीकडनं निघालीय, गुरुजी. आळेफाट्याला गाडी अडकलीय. येळ टळली तर पुन्हा मुहूर्त कवा? तुमी साक्ष घाला, ती आली की अंगठा दील."

मुहूर्ताची पळे सरत होती. 'माझ्यासमक्ष' या छापील शब्दाखाली, रिकाम्या चौकटीशेजारी मी सही केली. मी कशासाठी घाई करीन, हे त्या नीचाने अचूक हेरले होते. माझ्या श्रद्धेचा त्याने हत्यारासारखा उपयोग केला, आणि ते हत्यार मी स्वहस्ते त्याला दिले. आजही संध्येला बसलो की अंगाची आग होते.

"कपटीपणाने म्हणजे फसवण्याच्या उद्देशाने," बाई पुढे म्हणाल्या. "तुमचा तो उद्देश नव्हता. नीट आठवत नाही म्हणालात, तरी तुम्हाला कोणी बोल लावणार नाही."

"आणि हिची जमीन?" दाराशी बसलेल्या काकूकडे पाहत मी विचारले.

"अवघड होईल. त्यांचा वकील म्हणेल, एवढ्या सात्त्विक माणसाने साक्ष घातली, म्हणजे अंगठा हिचाच."

काकू उसळली. "मला सही येती, गुरुजी. अंगठा कशाला दीन मी? येक फोन केला असता, तर काय पंचांग बुडालं असतं तुमचं?"

मला निर्दोष ठरवणारा तो 'उद्देश' हा शब्द त्या क्षणी किळसवाणा वाटला.

साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या ओसरीत पुतण्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. उभ्या जन्मात असे कुणाशी वागलो नव्हतो.

आत शपथेवर सांगितले, "हिला अंगठा देताना मी पाहिले नाही. ही तिथे नव्हतीच."

त्याच्या वकिलाने आवाज चढवला. "म्हणजे गुरुजी, तुम्ही खोटी साक्ष घातलीत?"

"होय, घातली," मी म्हणालो. माझा आवाज त्याच्याहून मोठा निघाला. "म्हणूनच सांगतो, माझ्या सहीच्या भरवशावर या बाईची जमीन कुणाला देऊ नका."